रिकाम्या डब्यावरचे तीन दिवे

त्या दुपारी माझ्या घराच्या छतावर वीस सोलर पॅनेल तापत पडली होती आणि छताखाली माझ्या बापाला श्वास पुरत नव्हता. मे महिना होता. मी मरोळला कामावर होते. मोबाइल वाजला, समोरच्या फ्लॅटमधले काका होते.

"अगो, लाईट गेली. बाबांचा ऑक्सिजनचा मशीन बंद पडला. सिलिंडर लावलाय मी, पण त्याचो काटो खाली इलोहा. तू ये."

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, स्वतः एका कुरियर कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तेच. घाबरले की त्यांची मालवणी बाहेर येते. मी हातातला स्क्रूड्रायव्हर टाकला आणि निघाले.

मरोळ ते घाटकोपर रिक्षाने किती वेळ लागतो ते मला एरवी माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जेसीबी उभा होता, रस्ता खोदलेला, आणि खड्ड्यात तुटलेल्या केबलचं तोंड दिसत होतं. चार माणसं खड्ड्याकडे बघत उभी होती. बिल्डिंगखाली आले तर लिफ्ट बंद. आमची बिल्डिंग एकोणीस मजल्यांची, मी एकोणिसाव्यावर. अकराव्या मजल्यावर पोचले तेव्हा वरून माणसं येताना दिसली. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, चादरीने बांधलं होतं. चौघांनी खुर्ची धरली होती. काका मागून सिलिंडर सांभाळत उतरत होते, पासष्टी ओलांडलेला माणूस, घामाने निथळत. बाबांचे ओठ जांभळे पडले होते. मला बघून त्यांनी हात वर केला, कामावर साहेबाला नमस्कार करावा तसा.

बाबा वाचले. हॉस्पिटलात दोन तासांत रंग परत आला. पण त्या दोन तासांत बाहेरच्या बाकावर बसून काकांनी मला एक प्रश्न विचारला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

"मी काय म्हणतो," घाम पुसत ते म्हणाले, "आपल्या गच्चीवर सोलर आहे ना? मग लिफ्ट बंद पडली कशी?"

मला लाज वाटली. वीस-बावीस वर्षं मी इलेक्ट्रिक पॅनेल बोर्ड बनवण्याचं काम करते. आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेली आमच्या बॅचमधली मी एकटी मुलगी. आणि दोन वर्षं माझ्या डोक्यावर असलेल्या त्या पॅनेलच्या तारा कुठे जातात हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

बाबांबद्दल सांगायला हवं. विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्रात ते ठेकेदाराकडे मजूर होते. वॅगनमधून कोळसा उतरायचा, पट्ट्यावरून खाली सांडायचा, तो फावड्याने उचलून परत पट्ट्यावर टाकायचा, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं. तोंडाला बांधायला गमछा, तोही स्वतःचा. संध्याकाळी घरी आले की आधी दारातच गुळण्या करायचे. पाणी काळं पडायचं. आमची वस्ती चिमणीपासून इतकी जवळ की आई वाळत घातलेली लुगडी झटकून घडी करायची, राख उडायची. आणि त्या वस्तीत वीज नव्हती. मी सातवीत जाईपर्यंत नव्हती. मोठ्या टॉवरांवरून जाड तारा आमच्या घरांवरून, नाल्यावरून, शेतांवरून सरळ निघून जायच्या. पावसाळ्यात त्या तारा गुणगुणायच्या. मी बाबांना विचारायचे, ही लाइन कुठे जाते? ते म्हणायचे, "ममईले."

म्हणून मी मुंबईला आले असं नाही. आयटीआयनंतर काम इथे मिळालं म्हणून आले. लग्न केलं नाही. त्याची गोष्ट वेगळी. घाटकोपरच्या एका चाळीत खोली घेतली, चाळ पाडून बिल्डरने टॉवर बांधला, त्यात आम्हाला घरं मिळाली. आई गेल्यावर बाबांना घेऊन आले. तेव्हाच त्यांची छाती वाजत होती. पुढे डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते भिंतीतल्या प्लगवर चालतं. दिवसाचे सोळा तास ते घुरघुरायचं आणि बाबा नाकात नळी घालून खिडकीशी बसायचे.

शाळेत आम्हाला विजेचे दोन रकाने शिकवले होते. संपणारी साधनं: कोळसा, तेल, वायू. न संपणारी: सूर्य, वारा, पाणी. आताही मुलांना तेच शिकवतात, चार्ट करायला लावतात. कोळसा संपतो हे पुस्तकात आहे. कोळसा उचलणारा माणूस त्याच्याही आधी संपतो, ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.

बाबा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना म्हटलं, "गच्चीची चावी द्या."

"मी पण येतो," ते म्हणाले.

गच्चीवर पॅनेल छान दिसत होती. निळी, चकचकीत, एका रेषेत. मधल्या सांगाड्यांवर कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. पॅनेलच्या तारा एका पाइपात शिरत होत्या आणि पाइप जिन्याच्या खोलीत येऊन एका राखाडी डब्यात घुसत होता. माणसाच्या छातीइतक्या उंचीचा डबा. दारावर तीन दिवे पेटलेले: लाल, पिवळा, निळा. वर छापील पट्टी, "सौर ऊर्जा नियंत्रण".

"बघ, चालू आहे," काका म्हणाले.

मी दाराची कडी फिरवली. दार उघडलं. आत काही नव्हतं.

म्हणजे अगदी काहीच नाही असं नाही. जिन्यातल्या साध्या बल्बच्या लाइनवरून एक बारीक वायर ओढून त्या तीन दिव्यांना जोडली होती, म्हणून ते पेटत होते. बाकी इन्व्हर्टर नाही, ब्रेकर नाही, काही नाही. डब्यात खालून शिरलेल्या पॅनेलच्या जाड तारा गुंडाळून, तोंडाला काळी टेप मारून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. मी पर्समधला मीटर काढला, टेपच्या फटीतून टोकं लावली. चारशे व्होल्टच्या वर. दोन वर्षं रोज सूर्य उगवत होता, त्या तारा जिवंत होत होत्या, आणि वीज टेपपाशी येऊन थांबत होती.

"काका, मागे सरा," मी म्हटलं. "हात लावू नका कशाला. माणूस मरेल."

काका भिंतीपर्यंत मागे गेले. "आणि आमची बायको इथं मिरच्या घालता!"

तेवढ्यावर थांबलं असतं तर राग एकाच दिशेने गेला असता. पण मी दाराच्या आतल्या बाजूला पाहिलं. दिव्यांच्या मागच्या वायरी मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. आता सगळे प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात. दोऱ्याने, दर दोन बोटांवर गाठ मारून बांधायची सवय माझी आहे, पहिल्या मिस्त्रीने लावलेली. आणि खालच्या कोपऱ्यात निळ्या मार्करची बरोबरची खूण होती. तपासून झालं की मी करते ती.

तो डबा मी बनवला होता.

मला सगळं आठवलं. असे बारा डबे होते. शेठने सांगितलं होतं, फक्त बॉडी आणि दारावर तीन दिवे, आतलं पार्टी स्वतः भरणार. मी विचारलंही नव्हतं. मी दिवे बसवले, वायरी बांधल्या, खूण केली, आणि बारा डबे टेम्पोत चढले.

सोमवारी मी मरोळला गेले ती थेट शेठच्या टेबलासमोर उभी राहिले. आमचा गाळा लहान आहे. पाच बायका, तीन पुरुष आणि शेठ. शेठ वाईट माणूस नाही. आजारपणात पगार कापत नाही. मी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, आपण बॉडी बनवतो. त्यात कोणी देव ठेवा नाहीतर दगड ठेवा, आपल्याला काय?"

"दिवे का लावले आपण मग? रिकाम्या डब्याला दिवे कशाला लागतात?"

"पार्टीने सांगितलं म्हणून."

"आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं."

"कळून काय करणार होतीस?"

या प्रश्नाचाच मला जास्त संताप आला. माझ्या शेजारच्या टेबलावर जोगेश्वरीची एक बाई काम करते, माझ्याच वयाची, बारा वर्षं सोबत आहोत. ती सोल्डरिंग थांबवून ऐकत होती. शेठ उठून गेल्यावर म्हणाली, "अगं, निम्मे दिवे तर मी बसवलेत त्यातले. आपण दोघींनीच. आता काय करायचं ते बोल."

आधी मी बिल्डरच्या ऑफिसला गेले. काका सोबत होते. बिल्डर भेटला नाही. तो भेटत नसतो. एक इंजिनियर भेटला, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड.

"मॅडम, ते परमिशनपुरतं असतं," तो म्हणाला. "गच्चीवर सोलर दिसलं पाहिजे असं असतं. आम्ही पॅनेल दिली ना? इन्व्हर्टर आमच्या कामात नव्हता."

"मग डबा कशाला लावला? दिवे कशाला पेटवले?"

तो हसला. "तुम्ही लाइनमधल्या दिसता. मग तुम्हाला माहीत असेल, हे कनेक्ट असतं तरी त्या दिवशी उपयोग नव्हता. बाहेरची लाइट गेली की सोलरपण आपोआप बंद पडतं. बॅटरी नसेल तर."

हे खरं होतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलटा करंट लागू नये म्हणून तसं असतं. मला ते ठाऊक होतं, आणि याने ते माझ्यावरच फेकलं, जणू काही त्यामुळे त्याचा डबा भरलेला ठरत होता.

"उपयोग होता," मी म्हटलं. "दोन वर्षं लिफ्ट आणि पंप दिवसा उन्हावर चालले असते तर वाचलेल्या बिलातून सोसायटीला जनरेटरमध्ये डिझेल भरायला जमलं असतं. तो जनरेटर खाली कोरडा उभा आहे. म्हणून माझ्या बापाला खुर्चीला बांधून उतरवावं लागलं. आणि चारशे व्होल्ट टेप लावून सोडलेत तुम्ही. पोरं जातात गच्चीवर."

त्याने मान तिरकी केली. "मॅडम, चाळीतून उचलून एकोणिसाव्या मजल्यावर फुकट घर मिळालं तुम्हाला. त्याच्यावर अजून किती पाहिजे?"

काका उठले. "फुकट? रे, आमची जागा होती ती. तिच्यावर तू विकायला दुसरो टॉवर बांधलंस. फुकट आम्ही तुका दिलंव." मी त्यांना बाहेर आणलं, नाहीतर त्या दिवशी टेबल उलटलं असतं.

मग मी सरकारी ऑफिसात रीतसर तक्रार केली, फोटो लावून. महिन्याने तपासणीला एक साहेब आले. मी रजा काढून थांबले. ते गच्चीवर आले, पॅनेल मोजली, जिन्याच्या खोलीत डब्याचे तीन दिवे पाहिले, मोबाइलने फोटो काढला आणि म्हणाले, "चालू आहे की."

मी दार उघडलं. "आत बघा."

त्यांनी आत पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. "डब्याचं दार उघडायचं आमच्या फॉर्ममध्ये नाही," ते म्हणाले. "चालू, बंद, एवढंच आहे."

"हे चालू आहे असं लिहिणार तुम्ही?"

"दिवे पेटलेत, मॅडम."

मी पुढे होऊन जिन्याच्या बल्बची वायर उपसली. तिन्ही दिवे गेले. "आता लिहा."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी मोडलंय. "सरकारी तपासणीत छेडछाड करू नका," एवढं म्हणाले आणि गेले. काय लिहिलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या रविवारी काकांनी गच्चीवर सोसायटीची मीटिंग बोलावली. मी आधी त्या उघड्या तारा नीट बंद केल्या होत्या. लोक पॅनेलच्या सावलीत सतरंज्या टाकून बसले. काहींचं म्हणणं, कशाला वाकड्यात शिरा, बिल्डरने पार्किंगचं काम अजून अडकवून ठेवलंय. एक जण म्हणाला, "सोलर काय, शोभेला असतं. सगळीकडे असंच चालतं." एक बाई म्हणाली, "तुमच्या बाबांना त्रास झाला म्हणून तुम्ही पेटलाय, ताई." तेही खरंच होतं.

बाबांना गच्चीवर यायचं होतं. एकच मजला, पण तीन वेळा थांबत, माझ्या खांद्यावर भार देत ते चढले. सिलिंडर काकांनी धरला. त्यांना बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. खुर्चीत बसून त्यांनी दम घेतला आणि बोलायला लागले. नळीमुळे आवाज नाकातून येत होता.

"मी कोळसा उचलला जलमभर. तुमच्या ममईची लाईन मी पाठवली. माया घरी कंदील होता. आमच्या डोक्यावरून तारा जायच्या, आमाले काई भेटत नव्हतं. तवा मी साहेबाले विचारलं नाई. एकदाबी नाई. वाटलं, आपल्याले काय समजते?" ते थांबले. दोन श्वास घेतले. "मायी पोरगी समजते. तिनं विचारलं. तुमी तिले काहून अडवता?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण वाकड्यात शिरू नका म्हणणारा माणूस उठला आणि त्याने सोसायटीच्या तक्रारीच्या कागदावर सगळ्यांत आधी सही केली.

पत्र पुन्हा गेलं, पुन्हा काही झालं नाही. तेव्हा जोगेश्वरीवाली म्हणाली, "पत्र काय पाठवतेस? दार पाठव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

बिल्डरचं मुलुंडला नवीन काम सुरू होतं. तिथे रविवारी गिऱ्हाइकं सॅम्पल फ्लॅट बघायला यायची. आम्ही त्या डब्याचं दार बिजागऱ्यांतून काढलं, दिव्यांसकट, छापील पट्टीसकट. आमच्या बिल्डिंगमधल्या सतरा बायका, काका, जोगेश्वरीवाली आणि मी असे निघालो. टेम्पोत दार मधे आडवं ठेवलं होतं.

सेल्स ऑफिस थंडगार होतं. मधल्या टेबलावर काचेखाली नव्या टॉवरचं मॉडेल. झाडं, गाड्या, पोहण्याचा तलाव, आणि सगळ्यांत वर, गच्चीवर, नखाएवढी निळी पॅनेल. सात-आठ कुटुंबं बसली होती, हातात ज्यूसचे ग्लास. तोच इंजिनियर एका तरुण जोडप्याला सांगत होता, "ग्रीन बिल्डिंग आहे. कॉमन लाइट पूर्ण सोलरवर."

आम्ही दार त्या मॉडेलच्या काचेवर ठेवलं. मी मॉडेलच्या गच्चीवर बोट ठेवलं आणि त्याला विचारलं, "या पॅनेलच्या तारा कुठे जातात?"

तो टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला. "मॅडम, आपण आत बसून बोलू."

"इथेच बोलू. आमच्या बिल्डिंगच्या तारा या दारामागच्या रिकाम्या डब्यात जातात. दार मी बनवलंय. दिवे आम्ही दोघींनी बसवलेत. आम्हाला माहीत नव्हतं तुम्ही कशासाठी मागवलंत. आता माहीत आहे."

तरुण जोडप्यातली मुलगी उठून दाराजवळ आली. मागच्या वायरी, ती खूण बघितली. मग तिने इंजिनियरला विचारलं, "आमच्यात पण असाच डबा असणार का?"

त्याने सिक्युरिटीवाल्यांना हाक मारली. सिक्युरिटीवाले दोघे आमच्याच गल्लीच्या मागच्या वस्तीत राहणारे. ते आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. एक जण तर मला बघून हसला. चार कुटुंबं तेवढ्यात ग्लास ठेवून निघून गेली. आम्ही दार घेऊन परत आलो. येताना टेम्पोत बायका इतक्या हसत होत्या की ड्रायव्हर मागे वळून बघत होता. मी हसले नाही. मला वाटत होतं, एवढं साधं काम, एक यंत्र जोडायचं, त्यासाठी सतरा बायकांनी रविवार सोडून दार खांद्यावर घ्यावं लागतं का?

नवव्या दिवशी इन्व्हर्टर आला. पत्र नाही, फोन नाही, माफी तर नाहीच. एक टेम्पो आला, दोन माणसांनी खोकं उतरवलं. जोडायला माणसं पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, नको, डबा आम्ही भरतो.

पुढचे चार रविवार मी, जोगेश्वरीवाली आणि गाळ्यातल्या आणखी दोघी गच्चीवर होतो. काकांची बायको खालून आंबोळ्या पाठवायची. परवानाधारक ठेकेदाराची सही लागते, ती एका निवृत्त मिस्त्रीने दिली, पण आधी दोन तास बसून प्रत्येक जोड स्वतः तपासला. दोन्हीकडे मोजणारं मीटर बसवायला अर्ज केला, तर खिडकीतल्या माणसाने माझ्या मागे बघत विचारलं, "इलेक्ट्रिशियन कुठंय?" मी म्हटलं, "मीच." त्याने पुन्हा मागे बघितलं. तीन खेपा घालाव्या लागल्या.

एका मंगळवारी सकाळी अकराला मी ब्रेकर वर केला. इन्व्हर्टर थोडा वेळ गप्प होता, मग आतून बारीक आवाज आला आणि आकडा चढायला लागला. तेच तीन दिवे, तेच दार. काकांनी लिफ्ट बोलावली. ती आली. त्यात विशेष काही नव्हतं, लिफ्ट रोजच येते. पण काका आत शिरले, खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा डोळे पुसत होते. "धूळ गेली," म्हणाले.

बाबांना मी सांगितलं, लिफ्ट आता उन्हावर चालते. ते म्हणाले, "कोळसा नाई लागत?" मी म्हटलं, दिवसा नाही, रात्री अजून लागतो. त्यांनी नाकातली नळी सरळ केली. "मंग हे आधी काहून नाई केलं वं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. ते रागावले नव्हते. मीच रागावलेली होते, आहे.

जनरेटरमध्ये आता डिझेल असतं. बाबांच्या मशीनसाठी मी घरात वेगळी बॅटरी बसवली. शेठला मी आणि जोगेश्वरीवालीने सांगून टाकलं की रिकाम्या बॉडीवर आम्ही दिवे बसवणार नाही. तो आठ दिवस आमच्याशी बोलला नाही, ते गिऱ्हाईक गेलं, आणि मग बोलायला लागला. उरलेल्या अकरा डब्यांपैकी चार आम्हाला सापडले: दोन बोरिवलीला, एक अंधेरीला, एक मानखुर्दला. चारही रिकामे. चारही ठिकाणी दिवे पेटलेले. बोरिवलीच्या एका सोसायटीने आम्हाला गच्चीवर जाऊच दिलं नाही. सेक्रेटरी म्हणाला, आमचं व्यवस्थित चालू आहे, मी स्वतः दिवे बघितलेत. तिथे रहिवाशांमधल्या एका नर्सबाईने कसा तरी फोटो काढून पाठवला. बाकीचे सात अजून कुठेतरी आहेत. बिल्डरच्या नव्या माहितीपत्रकात मात्र आमच्या गच्चीचा फोटो आहे. "आम्ही उभारलेला सौर प्रकल्प." तो इंजिनियर आता मोठ्या हुद्द्यावर आहे असं ऐकलं.

बाबा त्यानंतरच्या थंडीत गेले. घरीच, सकाळी, मशीन चालू असताना. वीज गेली नव्हती. श्वासच उरला नव्हता.

दाखला द्यायला बाबांना नेहमी तपासणारा डॉक्टर आला, तरुण, आमच्याच भागातला. त्याने कारण लिहिलं: फुप्फुसाचा जुनाट विकार, वार्धक्य. मी कागद वाचला आणि म्हटलं, "चौतीस वर्षं कोळशात काम केलंय त्यांनी. ते लिहा."

"तसा पुरावा आहे का? कंपनीचं काही पत्र, नोकरीचा कागद?"

"ठेकेदाराकडे होते. कागद कोण देणार? मी तिकडे जाऊन विचारून आले. म्हणाले, ठेकेदाराची हजेरी आमच्याकडे नसते. ठेकेदार केव्हाच मेला."

"मग दाखल्यावर मला तसं लिहिता येत नाही, ताई. तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही त्यांची छाती तपासत होतात ना? दीड वर्ष? तुम्हाला काय वाटत होतं, ते कशाने झालंय?"

बाहेर काका माणसांना फोन करत होते. मग डॉक्टरने दाखला बाजूला ठेवला, बाबांची जुनी केसपेपरची फाइल मागून घेतली, शेवटचं पान उघडलं आणि आपल्या हाताने लिहिलं: "रुग्णाने चौतीस वर्षे कोळशाच्या धुळीत काम केले असल्याचे सांगितले होते. फुप्फुसांची तपासणी त्याच्याशी जुळणारी." खाली सही केली, तारीख टाकली.

या कागदाचा कुठल्याही ऑफिसात उपयोग नाही. बाबा कोळशाने गेले हे मान्य व्हावं म्हणून दोन ठिकाणी दाखवून झाला. एका ठिकाणी म्हणाले, हा दाखला नव्हे, नोंद आहे. दुसऱ्या ठिकाणी वाचलाच नाही. तिसऱ्या ठिकाणी मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. रजेचा अर्ज शेठच्या टेबलावर ठेवलाय.